सिरक्याच्या बरणीत जावयाची बियर

माझ्या होणाऱ्या जावयाने स्वतःच्या हाताने केलेली बियर मी सिरक्याच्या बरणीत ओतली, आणि ओतताना आपण त्याच्यावर उपकार करतोय असं मला मनापासून वाटत होतं.

काय झालं ते घरात सगळ्यांना माहीत आहे, कारण निम्म्या लोकांच्या कपड्यांवर ते उडालं होतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं, हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. मुळात मी कमी बोलणारा माणूस. डहाणूच्या किनाऱ्यावर चिकूच्या वाडीत आयुष्य गेलं. झाडं काही विचारत नाहीत, त्यामुळे उत्तरं द्यायची सवयच लागली नाही. बायको आमटीत मीठ विसरली तरी मी गुपचूप जेवून उठतो आणि पुढचे दोन दिवस आतल्या आत कुढत बसतो. (तिला वाटतं, मी समजूतदार आहे. तिचा हा गैरसमज मी आयुष्यभर जपला.)

तर नोटाबंदीच्या पुढच्या वर्षीचा मार्च महिना. आमची एकुलती एक मुलगी मृणाल पुण्यात नोकरीला होती आणि तिने तिथेच केदार नावाचा मुलगा पसंत केला होता. तो करतो काय, असं विचारल्यावर तिने सरळ सांगितलं की एका छोट्या कारखान्यात बियर बनवतो. तिथेच बनते आणि तिथेच लोक बसून पितात. मी नातेवाइकांत 'अन्नप्रक्रिया उद्योगात आहे' असं सांगत फिरत होतो.

बायकोची मला जास्त धास्ती होती. सुनंदाचं माहेर तलासरीतलं वेवजी, गुजरातच्या हद्दीला खेटून. पलीकडे दारूबंदी. त्यामुळे घसा कोरडा पडलेली माणसं हद्द ओलांडून कशी येतात आणि परत कशी जातात, हे बघतच ती लहानाची मोठी झालेली. पण तिने शांतपणे विचार केला आणि म्हणाली, "बनवतो ने? पीत तर नाही ने दिवसभर? हलवाई कुठे पेढे खातो?" आणि विषय मिटवला.

न मिटलेला विषय होता केदारच्या वडिलांचा. अण्णा सांगलीकडचे. जन्मभर दूध संघात दुधाची प्रत तपासायच्या कामावर. गावोगावचे कॅन यायचे, अण्णा झाकण उघडून नुसतं नाक खाली न्यायचे आणि हात आडवा हलवायचे. हात आडवा हलला की तो कॅन परत. आंबूस वासाचं दूध त्यांनी सख्ख्या मेहुण्याचंही घेतलं नव्हतं, आणि मेहुणा पुढे दोन दिवाळ्या घरी आला नव्हता. अशा माणसाच्या मुलाने चांगली नोकरी सोडून बियर करायला घेतली, तेव्हा अण्णांनी बोलणंच टाकलं. आता लग्नाचं ठरवायला ते आमच्याकडे येणार होते, आणि केदारने त्यांना एक गोष्ट कबूल केली होती: तुम्ही एकदा माझ्या हातची बियर चाखा, नाही पटली तर मी हे काम सोडतो आणि तुम्ही म्हणाल तिथे चिकटतो.

हे सगळं मला आधी कळायला हवं होतं. कळलं ते उशिरा.

शनिवारी दुपारी मृणाल आणि केदार आले. केदारच्या हातात बाटल्यांचं एक खोकं. जाड काचेच्या बाटल्या, तोंडाला चिनी मातीचं बूच आणि ते आवळायला तारेची कडी. मृणाल प्रवासाची धूळ धुवायला आत गेली, सुनंदा स्वयंपाकघरात, आणि ओटीवर आम्ही दोघेच. केदार म्हणाला, "काका, आधी काही सांगत नाही. नाहीतर तुमचं मत खरं येणार नाही. आधी चव, मग माहिती." ग्लासात त्याने गढूळ, पिवळसर-पांढरं काहीतरी ओतलं. दिसायला थेट आमची ताडी. मला बरं वाटलं. मी मोठा घोट घेतला.

वाचकहो, ते आंबट होतं. लिंबासारखं आंबट नव्हे, उन्हात विसरलेल्या ताकासारखं आंबट. त्या आंबटपणातून सावरतोय तोवर मागून खारट चव आली, समुद्रात पोहताना नाकातोंडात जाते तशी. आणि हे दोन्ही कमी पडलं म्हणून की काय, शेवटी धने! मला वाटलं, पोराने बियर कोथिंबिरीच्या मळ्यात सांडली आणि तिथून चमच्याने गोळा करून आणली.

केदार माझ्या तोंडाकडे बघत होता. अगदी दहावीचा निकाल बघावा तसा.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या वाडीत ताडाची झाडं आहेत. लखमा नावाचा आमचा जुना माणूस त्यांची ताडी उतरवतो आणि सकाळी घरी पोचवतो. सकाळची ताडी गोड, ऊन चढलं की आंबायला लागते. पण कुणी प्रेमाने दुपारी आणून दिली आणि ती आंबलेली निघाली, तर आणणाऱ्याच्या तोंडावर 'आंबली' म्हणायचं नाही. वडिलांनी शिकवलेलं वाक्य आहे: 'पोटाला चांगली आहे.' एवढं म्हणायचं, दोन घोट घ्यायचे, आणि तो माणूस फाटकाबाहेर गेला की उरलेली ताडी सिरक्याच्या बरणीत. हा सिरका, म्हणजे ताडीचं व्हिनेगर, करायला शेजारच्या पारशी बागायतदारांनी आमच्या आजोबांना शिकवलं. आमच्या घरी मिरचीच्या लोणच्यात तोच पडतो. गावात कुणालाही 'पोटाला चांगली' म्हटलं की ते समजतात आणि हसून सोडून देतात.

मी म्हणालो, "वा. पोटाला एकदम चांगली आहे."

केदार सांगलीचा. त्याने उठून मला मिठी मारली. मृणाल तिथे असती तर तिने तिथल्या तिथे कपाळाला हात लावला असता; पण ती आत आंघोळ करत होती. केदार आता माहिती सांगणार, इतक्यात त्याचा फोन वाजला. आई-अण्णा चारोटी नाक्याला पोचले होते. त्यांचा मुक्काम विवळवेढ्याला होता, सकाळी महालक्ष्मीचं दर्शन घेऊन दुपारी आमच्याकडे जेवायला. केदार त्यांना घ्यायला धावला. जाताना म्हणाला, "काका, बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा. उद्या अण्णांना देतो. तुम्हाला आवडली म्हणजे आता मला भीती नाही."

तो गेल्यावर मृणालने मला अण्णांची आणि त्या कबुलीची सगळी हकिगत सांगितली. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "पप्पा, खरंच आवडली का तुम्हाला?"

"छान आहे," मी म्हणालो.

"तुम्ही सगळ्यालाच छान म्हणता."

यावर मी छान हसलो.

माझी त्या वेळची मनःस्थिती अशी: पोराची बियर नासली आहे, हे त्याला माहीत नाही. मला माहीत आहे, आणि मी ती चांगली आहे असं सांगितलं आहे. उद्या तो ती अशा माणसापुढे ठेवणार, ज्याने आंबूस वासासाठी सख्खा मेहुणा तोडला. मग पोराचं काम सुटणार, त्याचं मन मोडणार आणि माझी मुलगी जन्मभर एका कुढणाऱ्या नवऱ्याबरोबर राहणार. (कुढणाऱ्या नवऱ्याबरोबर राहणं कसं असतं, हे सुनंदा तिला सांगू शकली असती.) सुधारायला एकच मार्ग होता. मृणालला हाक मारून 'मी खोटं बोललो' म्हणायचं. चार शब्दही पुरले असते. मी ते टाळण्यासाठी काय काय केलं बघा.

सकाळी लखमा ताडी घेऊन आला तेव्हा मला एक कल्पना सुचली. बियर दिसायला ताडीसारखी. मग बाटल्यांत बियरऐवजी गोड नीरा भरली तर? मडक्याला आतून चुना लावला की झाडाचा रस आंबत नाही, गोडच राहतो. तीच नीरा. सांगलीच्या माणसाला काय कळणार? अण्णा म्हणतील, अरे वा, पोरगा गोड सरबत करतो, यात वाईट काय? (ज्याने बियर केली त्याला आपली बियर ओळखू येईल, ही शक्यता माझ्या योजनेत कुठेही नव्हती.)

पण नीरा हवी म्हणून लखमाला स्पष्ट सांगायचं कसं? सुनंदा शेजारीच तांदूळ निवडत होती. ती लगेच विचारणार, कशाला? म्हणून मी लखमाला तिच्यादेखत फक्त म्हणालो, पाहुण्यांसाठी आहे, चांगली दे. लखमाने मान डोलावली. त्याचा काही दोष नाही. पाहुण्यांसाठी चांगली म्हटल्यावर कोणता शहाणा माणूस चुना लावलेली नीरा देईल? त्याने खरी, ताजी, फसफसायच्या तयारीत असलेली ताडी दिली. उत्तमातली उत्तम.

मी मागच्या पडवीत बसलो. बरणी सुनंदाने नुकतीच घासून उन्हात वाळवून ठेवली होती. बियर तीत ओतली, बाटल्या विसळल्या, त्यांत ताडी भरली आणि बुचं तारेने करकचून आवळली. इथे मात्र मला माफी नाही. ताडीच्या भांड्याला कधी घट्ट झाकण लावू नये, हे आमच्याकडे चालायला लागण्याआधी कळतं. पण मी तिला नीरा समजत होतो, आणि आपण एका पोराचा संसार वाचवतोय या विचाराने माझे डोळे भरून आले होते. बाटल्या फ्रीजमध्ये ठेवून मी दाढी करायला गेलो. त्या दिवशी मी गुणगुणतही होतो असं सुनंदा सांगते.

तिने थोड्या वेळाने फ्रीज उघडला. तिला बासुंदीचं पातेलं ठेवायचं होतं. तिने बाटल्या काढल्या आणि ओटीवरच्या खिडकीत मांडून ठेवल्या. खिडकी पूर्वेची. मार्च महिना. वर तिला त्या उन्हात चमकताना छान दिसल्या म्हणून तिने त्यांच्यामागचा पडदाही बाजूला सारला.

पाहुणे आले. अण्णा म्हणजे पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि मध्ये अतिशय गंभीर चेहरा. केदारच्या आई गोड, बोलक्या. चहा झाला, चिकूची चौकशी झाली. अण्णा जुजबी बोलत होते आणि मधूनच खिडकीकडे नजर टाकत होते. मीही तिकडे बघितलं. बाटल्या फ्रीजबाहेर! तरी मी स्वतःला समजावलं की नीरा आहे, गरम झाली तर झाली. एका बाटलीतून बारीक सूं असा आवाज येत होता. सुनंदाला वाटलं कुकर. ती उठून आत बघून आली.

केदार उभा राहिला. त्याने बाटली हातात घेतली. म्हणाला, "अण्णा, एकदाच चाखा. मग तुम्ही म्हणाल तसं." आणि त्याने तारेची कडी उचलली.

बूच उडालं ते थेट फिरत्या पंख्यावर. पंख्याने ते टोलवलं ते सुनंदाच्या काचेच्या कपाटावर. त्यामागून फेसाचा जो खांब उठला तो छताला लागला, तिथे क्षणभर थांबला आणि मग अण्णांवर खाली आला. टोपी, सदरा, मिश्या. केदार बाटलीवर अंगठा दाबायला गेला तर फेस आडवा फवारला आणि आईंच्या काठापदराच्या साडीचा अभिषेक झाला. तेवढ्यात खिडकीतल्या बाकीच्या बाटल्यांनी ठरवलं की आपणच कशाला मागे राहायचं. एक फुटली. मग दुसरी. मी टीपॉयखाली गेलो. (माझी मुलगी, बायको आणि पाहुणे उघड्यावर असताना मी टीपॉयखाली गेलो. हे पहिल्यांदाच लिहितोय.)

शांत झालं तेव्हा ओटीभर ताडीचा वास दरवळत होता. या वासाला आमच्याकडचं माणूस झोपेतही ओळखतं. मृणालने एकदा नाक वर केलं, हुंगलं, आणि वाकून टीपॉयखाली माझ्याकडे बघितलं. नुसती बघत राहिली.

केदारला मात्र तो वास ओळखीचा नव्हता. तो अण्णांचा सदरा रुमालाने पुसत होता, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो म्हणाला, "माझंच चुकलं, अण्णा. बाटल्या नीट धुतल्या नसणार मी. बिघडली सगळी." मग थांबला. "तुम्हाला दिलेला शब्द मी पाळतो. सोडतो हे काम."

अण्णांनी मिशीवरचा फेस पुसला.

टीपॉयखालून बोलायला सुरुवात करणं अवघड असतं. पण मृणालची नजर हलेना. मी तसाच गुडघ्यांवर बाहेर आलो आणि म्हणालो, "केदार, ती तुझी बियर नाही. ताडी आहे. मी भरली."

केदार रुमाल हातात तसाच धरून माझ्याकडे वळला.

"मला तुझी बियर आवडली नव्हती," मी म्हणालो. एकदा तोंड उघडलं तर बंद होईना. "आंबट लागली, खारट लागली. मला वाटलं नासली. तोंडावर सांगवलं नाही. म्हणून बदलली."

"अहो, पण मग ह्याची कुठे आहे?" सुनंदाने विचारलं.

"सिरक्याच्या बरणीत."

"माझ्या धुतलेल्या बरणीत?" सुनंदा म्हणाली. एवढ्या सगळ्यात तिला तेवढंच लागलं होतं.

केदार म्हणाला, "काका, ती आंबटच असते. जर्मनीतला जुना प्रकार आहे, गोझे म्हणतात. मीठ आणि धने घालतातच त्यात. जवळजवळ बंद पडला होता, आता थोडे लोक परत करतात. मीठ तर मृणालने इथलं आणलेलं, तुमच्या डहाणूच्या मिठागरातलं." तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो समजावून सांगत होता.

अण्णा उठले. अंगावरून ताडी ठिबकत होती. साहेबी आवाजात म्हणाले, "बरणी कुठं आहे?"

आम्ही सगळे पडवीत गेलो. अण्णांनी बरणीचं फडकं सोडलं आणि नाक खाली नेलं. केदारचे डोळे त्यांच्या उजव्या हातावर होते. माझेही. तो हात आडवा हलला की संपलं.

हात हलला नाही. अण्णांनी वाटी मागितली. सुनंदाने स्टीलची वाटी दिली. बरणीतली कोमट, फेस मेलेली बियर त्यांनी वाटीत घेतली, तोंडात घोळवली, डोळे मिटले. त्यांनी गिळली. पुन्हा घेतली.

"हे नासलेलं नाही," अण्णा म्हणाले. "हे लावलेलं आहे." मग केदारकडे वळून विचारलं, "विरजण कुठलं?"

केदार चाचरला. म्हणाला, "घरचं. दिवाळीला आलो होतो तेव्हा डबीतून नेलं होतं. आईचं."

"मला वाटलंच. हा आंबटपणा मी रोज जेवतो," अण्णा म्हणाले.

"म्हणजे माझं दही तू दारूत घातलंस?" आई म्हणाल्या. त्यांना हसावं की रडावं ते कळेना. मग त्यांनीही वाटी पुढे केली. एक घोट घेतला आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या की ताक यापेक्षा बरं लागतं, पण हेही वाईट नाही.

अण्णा तिसरी वाटी भरत होते. केदारकडे न बघता म्हणाले, "मीठ जरा हात राखून घाल. बाकी कामाला लाग." त्यांनी एवढंच सांगितलं. केदार तिथेच मटकन खाली बसला आणि मृणाल त्याच्या शेजारी. ती रडत होती. मीही रडत होतो, पण ताडीने भिजलेला असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग अण्णांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. शांतपणे म्हणाले, "तुम्हाला नासलेलं आणि लावलेलं यातला फरक कळत नाही, व्याही?"

त्यांनी मला व्याही म्हटलं, हे माझ्या लक्षात अर्ध्या तासाने आलं. तोवर मी फक्त लाजत होतो.

लग्न झालं. पुढच्या वर्षी आम्ही दोघं पुण्याला मुलीकडे गेलो, तेव्हा केदारने आम्हाला तो काम करतो तिथे नेलं. तिथे भिंतीवर मोठा काळा फळा. त्यावर त्या दिवशीच्या बियरांची नावं खडूने लिहिलेली आणि प्रत्येकीखाली तिची ओळख: कुणी कडवट, कुणी हलकी, कुणाला संत्र्याचा वास. केदारच्या गोझेखाली लिहिलं होतं, 'सासऱ्यांना न आवडलेली.' मी केदारकडे बघितलं. तो अवघडून म्हणाला, "काका, काढून टाकू का? पण हे लिहिल्यापासून हीच सगळ्यात जास्त जाते."

मी म्हटलं, राहू दे. केदार आत कामाला गेला, आणि मी मनाशी ठरवलं की आता माणसाने मोकळं व्हायला हवं. मी तीच बियर मागवली. वेटरने थंडगार ग्लास आणला, मी मोठा घोट घेतला. थंड होती, फेसाळ होती, मीठही कमी केलं होतं. वेटर अदबीने वाकून विचारत होता, कशी वाटली? पूर्वीचा मी असतो तर छान म्हणालो असतो. पण आता मी बदललेला माणूस होतो. मी त्याला खरं ते सांगितलं: अजूनही आंबट आहे, अजूनही खारट आहे, आणि धने का घालतात ते मला मरेपर्यंत कळणार नाही.

वेटरने एकदा माझ्याकडे बघितलं. एकदा फळ्याकडे बघितलं. मग आदराने दोन पावलं मागे सरून म्हणाला, "सर, ते तुम्हीच का?"